सुरतेचा राजमार्ग आणि मिरवणुकीचा दिवस

अनंत चतुर्दशीच्या दिवशी सुरतेच्या रेल्वे स्थानकावर उतरून चौकबाजारात जाऊ पाहणाऱ्या प्रवाशाची जी त्रेधा उडते, ती पुणेकरांना किंवा मुंबईकरांना मुळीच अपरिचित नाही. एरवी पायी चालणाऱ्यालाही जड न वाटणारे ते दोन-तीन किलोमीटरांचे अंतर त्या दिवशी जणू दुसऱ्या गावाचे होऊन बसते. बसगाड्या वाटेतच थांबतात, रिक्षावाले मान हलवतात, आणि भागळच्या चौकात पोचेपर्यंत प्रवासी आपोआपच मिरवणुकीचा घटक होऊन गेलेला असतो. ‘सणाच्या दिवशी रस्ता कोणाचा, देवाचा की वाटसरूचा?’ असा प्रश्न अशा वेळी पुष्कळांच्या मनात येतो. प्रश्न आजचा वाटतो खरा. परंतु सुरतेपुरते बोलायचे तर तो निदान साडेतीनशे वर्षांचा आहे, आणि त्याला त्या नगराने वेळोवेळी दिलेली उत्तरे हा त्याच्या इतिहासाचा एक मनोरंजक, किंबहुना उद्बोधक भाग आहे.

सुरतेची रचना समजून घेतल्यावाचून हा प्रश्न नीट उमगत नाही. तापी नदी समुद्राला मिळण्यापूर्वी जे मोठे वळण घेते, त्या वळणावर, तिच्या डाव्या तीरी हे शहर वसले आहे. नदीकाठी किल्ला आहे. गुजराथच्या सुलतानाचा सरदार खुदावंदखान याने तो सोळाव्या शतकाच्या मध्यास बांधला. या किल्ल्याला मध्य मानून धनुष्याच्या कमानीसारखे जुने शहर पसरले. किल्ल्यासमोरचा चौकबाजार, त्याच्या पूर्वेस भागळ आणि त्याही पलीकडे दिल्ली दरवाजा, या ठिकाणांना जोडणारी वाट म्हणजेच आजचा राजमार्ग होय. बाकीच्या गल्ल्या अरुंद, वळणावळणाच्या आणि दोन्ही बाजूंच्या उंच घरांनी दाटलेल्या. त्यामुळे ज्याला ज्याला गाजावाजा करून जायचे असे, त्याला याच एका वाटेकडे वळावे लागे.

सतराव्या शतकात ही वाट गाजवणारे लोक देवाचे भक्त नव्हते. ते सत्ताधारी होते. मोगल अमदानीत सुरतेचा कारभार दोन स्वतंत्र अधिकाऱ्यांच्या हाती असे. किल्ल्याचा किल्लेदार वेगळा आणि शहराचा मुत्सद्दी वेगळा. त्यांच्या स्वाऱ्या निघत. त्यांचे पाहून परदेशी वखारवाल्यांनीही तोच थाट उचलला. १६८९ मध्ये सुरतेच्या प्रवासास निघालेल्या जॉन ऑविंग्टन नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने आपल्या प्रवासवृत्तात इंग्रज वखारीचा प्रमुख बाहेर पडे तेव्हाच्या लवाजम्याचे वर्णन केले आहे. निशाणे, कर्णे, शृंगारलेले घोडे, पालख्या आणि पुढेमागे धावणारे शिपाई असा तो सगळा डौल होता. हा मनुष्य मुळात एका व्यापारी कंपनीचा नोकर; पण रस्त्यावर त्याने राजाचे सोंग आणले होते. अशा स्वारीसाठी वाहतुकीची आखणी करण्याचे कारणच नव्हते. स्वारी आली की लोकांनी भिंतीला चिकटून उभे राहायचे, एवढीच काय ती व्यवस्था. रस्ता एकाचा होता. इतरांना तो स्वारी निघून गेल्यावर मिळे.

या शहराला तटांचे बंधन पडले ते मराठ्यांच्या भयाने. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा शहराभोवती मातीची कच्ची भिंत तेवढी होती. त्या स्वारीनंतर पक्क्या तटाचे काम हाती घेण्यात आले. १६७० मध्ये महाराज पुन्हा आले. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी वाढत्या वस्तीला पोटात घेणारा दुसरा, बाहेरचा तट उभा राहिला. आतला तो शहरपनाह आणि बाहेरचा तो आलमपनाह. या तटांनी शत्रूला किती अडवले, याविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु शहरवासीयांच्या येण्याजाण्याला त्यांनी एक साचा घालून दिला, यात शंका नाही. सारी रहदारी मोजक्या दरवाजांतून व्हायची. दिल्ली दरवाजा, सहारा दरवाजा, उधना दरवाजा, मजुरा गेट, अठवा गेट, कतारगाम दरवाजा ही नावे आजही बसच्या पाट्यांवर वाचायला मिळतात. दरवाजे गेले, नावे राहिली. दरवाजात एखादी वरात अडली की तिच्यामागे बैलगाड्या, कापसाचे गठ्ठे आणि माणसे यांची रांग लागायची, हे सांगण्यास कोणा बखरकाराची साक्ष काढण्याची गरज नाही.

अरुंद रस्त्यांची खरी किंमत सुरतेने १८३७ मध्ये मोजली. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात शहरात आग लागली आणि लाकडी घरांच्या दाट वस्तीतून ती वणव्यासारखी पसरली. नऊ हजारांहून अधिक घरे जळाली. त्याच वर्षी तापीला मोठा पूरही आला. आगीला पंचांग नसते आणि पुराला निमंत्रण लागत नाही. ज्या गल्लीतून दोन गाड्या एकमेकींना ओलांडून जाऊ शकत नाहीत, त्या गल्लीतून संकटकाळी हजार माणसे कशी बाहेर पडणार, हा प्रश्न त्या वर्षी प्रथम उघड्यावर आला. १८५२ मध्ये सुरतेस नगरपालिका स्थापन झाली. रस्ते, दिवे आणि पाणी यांची चिंता वाहणारी संस्था शहराला लाभली, ही सुधारणेची पहिली पायरी होय.

त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत सुरतेच्या रहदारीचे रूप पालटले. १८६० मध्ये या भागात आगगाडी धावू लागली आणि १८६४ च्या नोव्हेंबरात सुरत मुंबईशी लोहमार्गाने जोडली गेली. १८७७ मध्ये तापीवर होप पूल झाला आणि रांदेरच्या तीराशी गाडीरस्ता जुळला. आता नकाशाकडे पाहावे. शहराच्या पूर्वेस स्थानक, पश्चिमेस पूल आणि दोहोंच्या मध्ये राजमार्ग. जो रस्ता पूर्वी केवळ बाजाराचा होता, तो आता स्थानकाचाही झाला. आगगाडी कोणासाठी थांबत नाही. स्वारी निघून जाईपर्यंत भिंतीला टेकून उभा राहणारा मनुष्य आता हातात तिकीट घेऊन उभा होता. मिरवणूक आणि वाहतूक यांची गाठ सुरतेस पडली ती येथे.

याच सुमारास मिरवणुकीचे स्वरूपही बदलू लागले होते. १८९३ पासून पुण्यात आणि मुंबईत गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले आणि लोकमान्य टिळकांच्या पुरस्काराने ते झपाट्याने पसरले. घरातील देव रस्त्यावर आला. त्याच्याबरोबर मेळे आले, वाद्ये आली, गर्दी आली. पूर्वीची स्वारी एकाची असे. ही मिरवणूक सर्वांची होती, आणि म्हणूनच तिला नियमांची आवश्यकता होती. १८९४ मध्ये पुण्यात प्रार्थनास्थळासमोर वाद्ये वाजवण्यावरून दंगा झाला. त्यानंतरच्या काळात मार्ग, वेळ, क्रम आणि वाद्य या चार गोष्टी आधी ठरवून घेतल्यावाचून मिरवणूक सुखरूप पार पडत नाही, हे अनुभवाने पटत गेले. कसबा गणपती पहिला, तांबडी जोगेश्वरी दुसरा, मग गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा, हा पुण्यातील मानाचा क्रम केवळ श्रद्धेचा विषय नाही. चौकात दोन मंडळे समोरासमोर आली असता कोणी थांबावे, हा तंटा तो क्रम निर्माणच होऊ देत नाही. त्या दृष्टीने पाहिले तर तो वाहतुकीचा एक उत्कृष्ट नियम आहे.

क्रम ठरला नाही म्हणजे काय होते, याचा धडा सुरतेनेच साऱ्या देशाला दिला आहे. १९०७ ची राष्ट्रीय सभा मूळ नागपुरास भरायची होती, ती सुरतेस हलवण्यात आली. त्या काळी सभेची अधिवेशने नाताळच्या सुटीत भरत. कचेऱ्या व न्यायालये बंद असल्याने वकील, संपादक आणि शिक्षक यांना प्रवासाला सवड मिळे. सोळाशेंहून अधिक प्रतिनिधी तापीकाठी जमले. सुटी साधली, गाड्या साधल्या, मांडव उभा राहिला. परंतु व्यासपीठावर कोणी केव्हा बोलावे याचा क्रम उभय पक्षांना मान्य होईल असा ठरला नाही. २७ डिसेंबर रोजी लोकमान्य टिळक बोलण्यास उठले, त्यांना परवानगी नाकारण्यात आली आणि खुर्च्या, जोडे व काठ्या यांच्या गदारोळात सभा उधळली. जहाल आणि मवाळ यांच्या तात्त्विक मतभेदांचा विचार येथे प्रस्तुत नाही. एवढेच म्हणता येईल की माणसे एकत्र आणण्याची योजना पुरी झाली होती. त्यांना एकामागून एक पुढे जाऊ देण्याची योजना अपुरी राहिली होती.

याच्या अगदी उलट उदाहरण याच जिल्ह्यात तीस वर्षांनी घडले. खानदेशातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे पहिले ग्रामीण अधिवेशन झाले. त्यानंतरचे अधिवेशन फेब्रुवारी १९३८ मध्ये सुरत जिल्ह्यातील हरिपुरा येथे भरले. तापीच्या काठी मोकळ्या माळावर ‘विठ्ठलनगर’ नावाची वसाहतच उभारण्यात आली. ते एकावन्नावे अधिवेशन. म्हणून अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या रथाला एकावन्न बैल जोडण्यात आले. असा रथ सुरतेच्या भागळवर आणला असता तर सारे शहर ठप्प झाले असते. येथे मात्र आधी वाट आखली गेली आणि मग रथ निघाला. मिरवणूक भव्य असावी की नसावी, हा वाद व्यर्थ आहे. तिच्या भव्यतेला पेलणारी वाट आहे काय, एवढेच पाहावे लागते.

शहराला मात्र माळरान मिळत नाही. त्यातून सुरतेची वाढ विलक्षण वेगाने झाली. १९५१ च्या शिरगणतीत सव्वादोन लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ४४ लाखांवर गेली. जरीकाम, यंत्रमाग, कापड-छपाई आणि हिरे यांच्या उद्योगांनी देशभरचा श्रमिक येथे ओढून आणला. मराठी माणसाच्या दृष्टीने यात तापी खोऱ्याच्या लोहमार्गाचा वाटा मोठा आहे. १९०० च्या सुमारास पूर्ण झालेल्या या मार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव ही गावे थेट सुरतेशी जोडली. खानदेशात पाऊस दगा देई तेव्हा गाडीत बसून सुरत गाठणारे कुटुंब हे पुढे नित्याचे दृश्य झाले. उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोली या भागांत आज अहिराणी आणि मराठी सहज कानी पडते. नगर प्राथमिक शिक्षण समिती मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. या लोकांनी आपल्याबरोबर आपला गणपतीही आणला आणि सुरतकरांनी तो आपलासा केला. परिणामी विसर्जनाच्या दिवशी तटाबाहेरच्या नव्या वस्त्यांतून निघालेली मंडळे जुन्या शहरातून नदीकडे जाऊ लागली. लोक लाखांनी वाढले होते. वाट तीच होती.

त्या वाटेची कसोटी १९९४ च्या सप्टेंबरात लागली, आणि ती सणाच्या निमित्ताने नव्हे. गणेशोत्सवाचे दिवस सरत असतानाच सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता पसरली आणि दोन-चार दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. ज्या रस्त्यांनी नुकत्याच मूर्ती गेल्या होत्या, त्याच रस्त्यांनी बोचकी, मुले आणि म्हातारी माणसे घेऊन कुटुंबे स्थानकाकडे धावली. स्थानकावर पाय ठेवण्यास जागा उरली नाही. मिरवणुकीची गर्दी आणि पळापळीची गर्दी यांत भेद एवढाच, की पहिली पुढच्या वर्षीचे निमंत्रण देऊन घरी परतते आणि दुसरीला परतण्याची शाश्वती नसते. १९९५ मध्ये महापालिकेचे आयुक्त म्हणून एस. आर. राव आले. त्यांच्या कारकिर्दीत स्वच्छतेबरोबरच अतिक्रमणे हटवून रस्ते रुंद करण्याचे काम निग्रहाने झाले. त्या वेळी मोकळी झालेली वाट रोगी, बंब, बस आणि पालखी अशा सर्वांच्याच उपयोगी पडली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा बराच भाग बुडाला, तेव्हा मोकळ्या आणि उंच रस्त्यांचे मोल पुन्हा एकदा कळून आले.

मिरवणुकीच्या दिवशी शहराची वाहतूक कशी वळवावी, याचे सुरतेने शोधलेले उत्तर मोठे मार्मिक आहे. बाहेरच्या तटाच्या दरवाजांची जी स्थाने वर सांगितली, त्यांपैकी पुष्कळ आज शहराच्या ‘रिंग रोड’वर आहेत. अठवा गेट, मजुरा गेट, उधना दरवाजा, सहारा दरवाजा यांना जोडत हा वळसा जुन्या शहराच्या बाहेरून जातो. म्हणजे ज्या रेषेवर एके काळी शहराला कोंडणारा तट होता, साधारण त्याच रेषेवरून आज शहराला मोकळे करणारा रस्ता गेला आहे. विसर्जनाच्या दिवशी राजमार्ग मंडळांच्या स्वाधीन करायचा आणि गाड्या, बस व मालमोटारी दरवाजांपाशीच अडवून या वळशावर घालायच्या, हे त्या व्यवस्थेचे मुख्य सूत्र. त्यासाठी पोलीस आयुक्तांचा जाहीरनामा आधी प्रसिद्ध होतो. मुंबई राज्यात १९५१ साली झालेल्या पोलीस अधिनियमाच्या तेहतिसाव्या कलमाने रहदारी आणि मिरवणुका यांविषयी नियम करण्याचा अधिकार दिला. १ मे १९६० रोजी गुजराथ राज्य वेगळे झाले, तरी तो कायदा तेथेही चालू राहिला. ज्या नागरिकाने तो जाहीरनामा वाचला, तो त्या दिवशी रुग्णालयातील आप्तास भेटण्यास सकाळीच निघतो, परगावच्या पाहुण्यास उधना स्थानकावर उतरण्यास कळवतो आणि वाहन घरीच ठेवतो. ज्याने वाचला नाही, तो भागळवर उभा राहून नशिबाला बोल लावतो.

दुसरा बदल नदीने घडवून आणला. सिंगणपोर येथे बंधारा झाल्यापासून त्याच्या वरच्या अंगाची तापी ही वाहती नदी कमी आणि शहराच्या पिण्याच्या पाण्याचा साठा अधिक झाली आहे. ज्या पाण्याने सकाळी चूल पेटल्यावर चहा व्हायचा, त्यातच संध्याकाळी रंग आणि प्लास्टर विरघळवणे शहाणपणाचे नव्हते. तापीत विसर्जन करण्यास बंदी आली. निरनिराळ्या विभागांत कृत्रिम तलाव खोदले जाऊ लागले. मोठ्या मूर्ती हजिरा आणि डुमस येथील समुद्राकडे नेण्यात येऊ लागल्या. पर्यावरणासाठी केलेल्या या व्यवस्थेचा एक लाभ वाहतुकीलाही झाला. पूर्वी सर्व वाटा एका काठाकडे धावत. आता त्या अनेक तलावांकडे फुटतात. लहान मंडळाला आपला तलाव जवळ सापडतो आणि राजमार्गावरील भार तेवढा हलका होतो. परंपरा मोडल्याची खंत काहींना वाटली असेल; तथापि परंपरेचा आत्मा निरोपात आहे, विशिष्ट घाटात नाही, हे बहुसंख्य सुरतकरांनी ओळखले.

वेळेचा प्रश्न मार्गाहून नाजूक असतो. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, तर आपले पंचांग अधिक मासाने सौर वर्षाशी मेळ घालणारे. त्यामुळे काही वर्षांच्या अंतराने दोन समाजांचे सण एकाच आठवड्यात येतात. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या. मुंबईतील मुस्लिम पुढाऱ्यांनी आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी नेली आणि महाराष्ट्र शासनाने २९ तारखेस सुटी जाहीर केली. कोणाचीही श्रद्धा उणावली नाही, कोणाचा मार्ग अडला नाही. एका दिवसाच्या सौजन्याने जे साधले, ते दहा हजार पोलिसांच्या बंदोबस्तानेही तितक्या सहजतेने साधले नसते.

१८ जानेवारी २०२१ रोजी सुरतेच्या मेट्रो रेल्वेची पायाभरणी झाली. तिच्या एका मार्गाचा जुन्या शहरातील भाग भूमिगत आखलेला आहे. रेल्वे स्थानक, मस्कती रुग्णालय आणि चौकबाजार ही त्या भागातील स्थानके. ज्यांना सुरतेचा नकाशा परिचित आहे, त्यांच्या लगेच ध्यानात येईल की ही वाट तीच आहे, स्थानकापासून किल्ल्यापर्यंतची. वर मिरवणूक आणि खाली प्रवासी, अशी ही योजना आहे.

तरीसुद्धा भुयार खणल्याने माणसाचे शहाणपण आपोआप वाढत नाही. मिरवणुकीत एक गुण असा आहे, की तो आगीत नाही, पुरात नाही, रोगराईत नाही. ती वर्षभर आधी वर्दी देते. तिची तिथी पंचांगात छापलेली असते, तिचा मार्ग ठाऊक असतो, तिची गर्दी अदमासाने मोजता येते. १८३७ ने सुरतेला सवड दिली नाही, १९९४ ने दिली नाही, २००६ नेही फारशी दिली नाही. अनंत चतुर्दशी मात्र दर वर्षी देते. त्या एका दिवशी लाखो माणसांना वाट करून देत असतानाच रुग्णाची गाडी आणि अग्निशामक दलाचा बंब यांना आडवाटेने सुखरूप पोचवणारे शहर पुढच्या अनाहूत संकटाची तालीमच करत असते. ज्या मंडळाचे कार्यकर्ते ढोल थांबवून, दोरी उचलून एका आजारी माणसाला पलीकडे जाऊ देतात, त्यांच्या हातून त्या दिवशीची खरी पूजा घडते. रस्ता देवाचा की वाटसरूचा, या प्रश्नाचे उत्तर सुरतेच्या राजमार्गावर त्या क्षणी मिळून जाते.